कर धान्यावर की पिशवीवर?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



विक्रीकराचा विषय निघाला की आपल्या बैठकीत चुळबुळ सुरू होते. हा व्यापाऱ्यांचा आणि हिशेबनिसांचा प्रश्न, चळवळीचा नव्हे, अशी आपली समजूत आहे. म्हणून मी आज कायद्यापासून नव्हे, वाण्याच्या दुकानापासून सुरुवात करतो.

त्या दुकानात पोत्यातली सुटी ज्वारी तोलून घेतली, तर तिच्यावर वस्तू व सेवा कर शून्य. तीच ज्वारी किलोच्या छापील पिशवीत घेतली, तर शेकडा 5. आणि 30 किलोचे बंद पोते उचलले, तर पुन्हा शून्य. कारण हा कर 25 किलोपर्यंतच्या वेष्टनालाच लागू आहे. धान्य तेच, शिवारही तेच. मात्र एकदम 30 किलोचे पोते घेण्याची ज्याची ऐपत आहे, तो करातून सुटतो. आणि आठवड्याची मजुरी हातात पडल्यावर जी बाई किलो-दोन किलोची पिशवी घेऊन घरी जाते, ती कर भरते. 18 जुलै 2022 रोजी हा नियम आला आणि थोड्याच दिवसांत बाजारात 26 किलोच्या तांदळाच्या पिशव्या दिसू लागल्या! गिरणीमालकाला पळवाट सापडायला वेळ लागला नाही.

सरकारची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. 2017 साली नवी करपद्धती आली, तेव्हा फक्त नोंदणीकृत छापाच्या धान्यावर कर होता. पुष्कळ कंपन्यांनी छापावरील हक्क कागदोपत्री सोडून देऊन तो चुकवला, तेव्हा ही गळती बुजवण्यासाठी निकष बदलला, असे सरकार सांगते. पूर्वी काही राज्ये धान्यावर कर घेत होती, हेही सांगते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु चुकवेगिरी कंपन्यांनी केली आणि वसुली गिऱ्हाइकाकडून झाली, हा कोणता न्याय?

आणि नवा निकष कोणता निवडला? वजन, किंमत, भरल्याची तारीख वेष्टनावर छापलीच पाहिजे, असे सांगणारा 2009 चा वैधमापन कायदा ग्राहकाच्या रक्षणासाठी झाला. मापात पाप होऊ नये, हा त्याचा हेतू. त्याच छापील पट्टीला आता कराची खूण ठरवण्यात आले आहे. पुरे वजन आणि स्वच्छ धान्य हवे असेल, तर शेकडा 5 मोजा. नको असेल, तर तराजूच्या काट्यावर विश्वास ठेवा! सुटे घ्यावे ना, असे म्हणणाऱ्यांनी शहरातील बैठ्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांत एकदा फिरून यावे. दिवसभर कामावर असलेल्या बाईला निवडणे, पाखडणे, गिरणीवर रांग लावणे कसे जमावे? तयार पीठ ही तिची चैन नव्हे.

22 सप्टेंबर 2025 पासून दर उतरले, हे मान्य केले पाहिजे. अंगाच्या साबणाची वडी, केसांचे तेल, दंतमंजन, तूप, लोणी हे सर्व 5 टक्क्यांवर आले. वह्या-पेन्सिली करमुक्त झाल्या. तथापि छापील पिशवीतील पीठ, तांदूळ, डाळ जिथल्या तिथे राहिली. तोंडाला लावायची पावडर 18 वरून 5 वर आली, पण कपडे धुण्याची पावडर 18 वरच राहिली. हा दर ठरवणाऱ्यांच्या घरी कपडे कोण धुते, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. आणि सोन्यावरचा दर ठाऊक आहे? शेकडा 3. शंभर रुपयांच्या सोन्यामागे तीन रुपये, शंभर रुपयांच्या पिठामागे पाच.

2023-24 च्या सरकारी पाहणीनुसार ग्रामीण कुटुंबाच्या दर शंभर रुपये खर्चातील सुमारे 47 रुपये अन्नावर जातात, शहरात सुमारे 40. ही सरासरी झाली; गरिबाच्या घरात हा वाटा अधिकच असतो. ज्याची सारी मिळकत पोटापाण्यावरच खर्च होते, त्याच्यावर असा कर अधिक जड पडतो. दुसरीकडे संपत्ती कर 2015 च्या अर्थसंकल्पात रद्द झाला आणि 2019 साली कंपन्यांच्या प्राप्तिकराचा मूळ दर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला गेला.

घटनाकारांना हा धोका दिसत होता. मूळ घटनेच्या 286 व्या अनुच्छेदात अशी तरतूद होती की, संसदेने समाजाच्या जीवनास आवश्यक म्हणून जाहीर केलेल्या वस्तूंवर राज्याने विक्रीकर बसवला, तर राष्ट्रपतींच्या संमतीवाचून तो अमलात येणार नाही. 1952 साली संसदेने तसा कायदाही केला. 1956 च्या सहाव्या घटनादुरुस्तीने ही तरतूद गेली आणि तिच्या जागी ‘आंतरराज्य व्यापारात विशेष महत्त्वाच्या’ वस्तू आल्या. जीवनाची कसोटी गेली, व्यापाराची आली. त्यावर तेव्हा फारशी खळबळ माजली नाही, आणि आज तर कार्यकर्त्यांनाही ती आठवत नाही.

सत्तरीच्या दशकारंभी मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्यामागे मुंबईतील हजारो स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा विक्रीकराचे दर ठरवणारे विधिमंडळ याच शहरात बसत होते. आज दर ठरतात वस्तू व सेवा कर परिषदेत. तिथे केंद्राचे मत एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे केंद्राच्या संमतीवाचून काही हलत नाही, आणि एकट्या महाराष्ट्राने ठरवूनही पिठावरचा कर उठत नाही. मात्र राज्याचा मंत्री त्या परिषदेचा सदस्य असतो. त्याने तिथे कोणती बाजू मांडली, हे त्याला विधानसभेत विचारता येते, मतदारसंघातही विचारता येते.

आपली मागणी मोजकी असावी: धान्य, डाळ, पीठ आणि दही यांवरील वेष्टनाची अट काढून टाका, आणि धुण्याच्या पावडरीला अंगाच्या साबणाच्या पंगतीला बसवा. पुढच्या बैठकीस येताना प्रत्येकाने घरातील महिनाभराची बिले आणावीत, शेजारच्या दोन घरांचीही मागून आणावीत. ज्यांच्याकडे बिलेच नसतील, त्यांच्या रिकाम्या पिशव्या आणल्या तरी चालतील; किंमत त्यांवर छापलेली असते. त्यांतील कराची बेरीज करू आणि मग निवेदन लिहायला बसू.