दुखणे खोटे नसते
(उदगीर येथे रविवारच्या उपासनेनंतर केलेले मनोगत)



मी फिजिओथेरपिस्ट आहे. आपल्या देणग्यांतून किनवट भागातील कोलाम व आंध वस्त्यांवर जी शिबिरे होतात, तिथे कंबर धरून येणारे पुष्कळ भेटतात. वय वाढते तशा मणक्यांमधील चकत्या झिजतात, सांधे व बंध जाड होतात आणि नसांची वाट अरुंद होते. जन्मभर वाहिलेली ओझी त्यात भर घालतात. चार पावले चालले की पाय भरून येतात, बधिर होतात. बसले किंवा पुढे वाकले की आराम वाटतो.

काहींचे दुखणे मात्र एवढ्यावर थांबत नाही. महिनोन्‌महिने वेदनेचे निरोप जात राहिले की मज्जारज्जू व मेंदूच हळवे होतात. लाउडस्पीकरचा आवाज कुणी वाढवून ठेवावा, तसे. मग नुसता हात लागला तरी दुखते, खांदे-मानही दुखतात, झोप उडते. एमआरआयमध्ये दिसते त्याहून दुखणे मोठे असते आणि घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा! एक आजी मला म्हणाल्या, “बाई, दुखतंय म्हणायचीबी लाज वाटती.”

अशा रुग्णाचे ऑपरेशन करून वाट मोकळी केली, तरी दुखणे उरू शकते. वरचेवर इंजेक्शने घेऊनही तो आवाज उतरत नाही. दुखणे नीट समजावून सांगणे, थोडे चालणे, थोडा विसावा, रोजचा व्यायाम, पुरेशी झोप आणि डॉक्टरांनी दिलेली नसांची औषधे यांनी तो हळूहळू उतरतो. मात्र लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांमधील जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांत पाहिले, की वेदना कळत नाही म्हणूनच हातापायांना इजा होत राहते. वेदना ही देवाची देणगी, असे ते मानत. आमच्या रुग्णांत तीच धोक्याची घंटा वाजायची थांबत नाही.

लूकच्या 13व्या अध्यायातील स्त्री अठरा वर्षे वाकलेली होती. प्रभूने आधी तिला पाहिले, जवळ बोलावले. तेवढे आपणही करू शकतो. गोळ्यांना आपली देणगी पुरते. पण आठवड्यातून एकदा वस्तीवर जाऊन या माणसांचे ऐकणारे, त्यांच्याबरोबर चार पावले चालणारे स्वयंसेवक हवे आहेत. ज्यांना शक्य आहे त्यांनी आज पाळकसाहेबांकडे नाव द्यावे.