बसऱ्याचा दगड आणि आपलें नांव
(गांवच्या सभेंत केलेलें भाषण)



आमच्या घरांत कोणी बाहेर गेला आणि वेळेवर परतला नाहीं, कीं म्हातारीं माणसें म्हणत, "गेला बसऱ्याला." आमच्या पणजोबांचे धाकटे भाऊ शेतीवर भागेना म्हणून मुंबईस गेले, गिरणींत राबले, आणि १९१५ सालीं पलटणींत भरती होऊन बसऱ्यास गेले. ते परतले नाहींत. मागाहून एक कागद आला, पण घरांत वाचणारें कोणी नव्हतें. ज्यानें तो वाचून दाखविला त्यानें काय वाचलें, तें त्यालाच ठाऊक! त्यांच्या कारभारणीनें कुंकू ठेवावें कीं पुसावें, याच घोरांत सारा जन्म काढला.

तें युद्ध मेसोपोटेमियांतलें, म्हणजे आजच्या इराकांतलें. पुण्याच्या नांवाची सहावी डिव्हिजन तिकडे गेली. तींत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांनीं त्यांना कूट गांवीं वेढलें. दाणागोटा संपला, घोडीं कापून खाल्लीं, अखेर हत्यारें खालीं ठेवावीं लागलीं. सुमारें १३,००० माणसें कैद झालीं आणि त्यांतलीं हजारों वाटेंत व कैदेंत मेलीं. शिपायांबरोबर भिस्ती, खेचरवाले, सुतार, लोहारही त्या मुलखांत गेले होते. मरणानें त्यांच्यांत भेद केला नाहीं.

भेद केला तो दगडानें. ज्यांची कबर ठाऊक नाहीं अशा ४०,००० हून अधिक मृतांसाठीं १९२९ सालीं बसऱ्यास स्मारक उघडलें. गोऱ्या सोजिराचें नांव त्यावर कोरलें. साध्या हिंदी शिपायाचा मात्र पलटणीखालीं नुसता आंकडा! हा भेदभाव होता, अशी कबुली युद्धांतील कबरींची निगा राखणाऱ्या इंग्लंडांतल्या मंडळानें २०२१ सालीं स्वतःच दिली. आपल्याकडे तरी काय आहे? कांहीं गांवांत त्या युद्धाचा दगड आहे: इतके गेले, इतके मेले. तेथेंही आंकडाच. मेंढरें मोजावीं तशीं माणसें मोजलीं.

पण नांवें बुडालेलीं नाहींत. त्या मंडळाच्या नोंदी आज संगणकावर कोणासही फुकट पाहतां येतात. शोध कसा करावा तें सांगतों. आधीं घर धुंडा. त्या युद्धाच्या पदकाच्या कडेवर नंबर, नांव आणि पलटण कोरलेली असते. शिपायाचें पदक चांदीचें, बिगाऱ्याचें कांशाचें. म्हणून जुनें पदक सोनाराकडे नेण्याआधीं त्याची कड वाचा. मग नोंदींत पाहा. आडनांवावर भिस्त ठेवूं नका. पुष्कळांचें तें लिहिलेंच नाहीं. नांव, बापाचें नांव आणि गांव घ्या. कारकुनानें ऐकूं आलें तसें इंग्रजींत लिहिलें, तेव्हां एकच नांव चार तऱ्हांनीं लिहून पाहा. जिल्हाही जुना घ्या: रायगड म्हणजे तेव्हांचा कुलाबा.

आमच्या घरीं पदक देव्हाऱ्यामागें सांपडलें. त्यावरून ११७ वी पलटण कळली आणि नोंदींत माणूस सांपडला: स्वतःचें नांव, बापाचें नांव, मोडकें-तोडकें लिहिलेलें गांव, आणि मरणाची तारीख. जी तारीख ऐकण्यासाठीं ती बाई जन्मभर उंबऱ्यावर बसली, ती ऐकावयास ती उरली नव्हती.

बंधूंनो, ज्या घरांत अक्षर नव्हतें त्या घरचा माणूस आंकडा झाला. आज तुमची मुलगी शिकली आहे. तिच्या हातून घरच्या वहींत मेलेल्याचें नांव लिहवून घ्या, आणि मागें राहिलेल्या बाईचेंही लिहा. गांवच्या दगडाशेजारीं नांवांचा दुसरा दगड लावा. तो लावतांना जात पाहूं नका. महार बंधूंची १११ वी पलटण १९१७ सालीं उभारली आणि १९२१ सालीं मोडली. त्यांच्या घरींही असाच कोणी परतला नसेल. सर्वांचीं नांवें एका ओळींत येऊं द्या.

सरकारनें आंकडा कोरला. नांव कोरणें हें आपलें काम आहे.