ठेका धरणारे हात

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त म्हैसूर येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी संगीतावर चार शब्द बोलावेत, अशी आपल्या मंडळाने आम्हांस आज्ञा केली. मराठी माणूस संगीताविषयी बोलू लागला की तो गवयांविषयी बोलतो. बालगंधर्वांचा स्वर, भास्करबुवांची बढत, अब्दुल करीम खाँसाहेबांची आर्तता हे आपले हक्काचे विषय. त्यांवर बोलणारे आमच्याहून अधिकारी पुष्कळ आहेत. आम्ही आज गवयाच्या उजव्या हाताला बसणाऱ्या माणसाविषयी बोलणार आहो. हा माणूस गावोगाव फिरला, रात्र रात्र जागला, आणि सकाळी दुसऱ्या गावाची गाडी धरून निघून गेला. त्याच्या ठेक्यावर गाणे उभे राहिले. पण लोकांनी टाळ्या वाजविल्या त्या गाण्याला.

फिरते बिऱ्हाड हा मराठी रंगभूमीचा जन्मस्वभाव आहे, आणि त्याचे मूळ आपण आज जेथे बसलो आहो त्या कर्नाटकाच्या भूमीत आहे. 1842 च्या सुमारास कानडी भागवत खेळ करणारी एक मंडळी उत्तर कानड्यातून सांगलीस आली. तिचे खेळ पाहून सांगलीच्या राजेसाहेबांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत तसे काही करण्यास सांगितले, आणि 1843 साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. राजाश्रय आटल्यावर भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगावचा रस्ता धरला. पुढे 1880 साली ज्यांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून संगीत नाटकाचा पाया घातला ते अण्णासाहेब किर्लोस्करही गुर्लहोसूरचे, म्हणजे आजच्या बेळगाव जिल्ह्यातले. मराठी आणि कानडी यांच्यामधली सीमा नकाशावर कोठेही असो, नाटकमंडळ्यांच्या सामानाच्या गाड्यांनी ती फारशी मानली नाही. धारवाड, हुबळी, गदग ही गावे त्यांना पुण्या-सांगलीइतकीच घरची होती.

या मंडळ्यांत तबलजीचे आयुष्य कसे असे, याची कल्पना आजच्या श्रोत्यास सहज येणार नाही. मंडळीचा मुक्काम एका गावी काही आठवडे, मग सामान बांधून पुढे. पडदे, पेट्या, पोशाख, स्वयंपाकाची भांडी आणि माणसे असे सारे गावच जणू हलावयाचे. नाटक रात्री सुरू होई आणि ‘वन्समोअर’च्या वर्षावात पहाट उजाडे. नटाला प्रवेश संपल्यावर पडद्याआड क्षणभर टेकता येई. साथीदाराला उसंत नसे. एकच पद तीनदा घ्यावे लागले तर गायक नट तिन्ही वेळा नव्या जागा घेई, आणि तबलजीला मात्र तिन्ही वेळा तीच लय, तोच भार, तीच प्रसन्नता राखावी लागे. शिवाय नाटकातले पद हे मैफलीतल्या चिजेसारखे मोकळे नसते. नट गाता गाता वळतो, उठतो, रडतो, मध्येच गद्याचा एक शब्द टाकतो. त्या वेळी ठेका ढळला तर केवळ ताल जात नाही, प्रसंगच कोसळतो. म्हणून या वादकाला कान गाण्याकडे आणि डोळे रंगमंचाकडे ठेवावे लागत.

या परंपरेचा मुकुटमणी म्हणजे उस्ताद अहमदजान थिरकवा. हे मूळचे मुरादाबादचे, मुनीर खाँसाहेबांचे शागीर्द. मुलाची बोटे तबल्यावर अशी थिरकत की त्यावरूनच हे नाव पडले. 1913 साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत ते पुढे आले आणि सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर थिरकवा असा योग मराठी प्रेक्षकांना लाभला. विचार करा: ज्याच्या एकट्याच्या वादनासाठी दरबारांनी पायघड्या घालाव्यात असा हा कलावंत, रात्रीमागून रात्र एका मराठी नाटकमंडळीत साधा ठेका धरून बसला आहे. त्या साधेपणातच त्याची थोरवी होती. सारे काही येत असताना त्या पदाला जेवढे हवे तेवढेच वाजवावयाचे, हा संयम विद्येहून दुर्मीळ आहे. उस्ताद नंतर रामपूर दरबारी गेले, लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात त्यांनी शिकविले, 1970 साली पद्मभूषण झाले आणि 1976 साली लखनौ येथे निवर्तले. परंतु त्यांची विद्या महाराष्ट्रात रुजली ती या संबंधातून. जगन्नाथबुवा पुरोहित, लालजी गोखले, नारायणराव जोशी, भाई गायतोंडे यांच्याद्वारे मुरादाबादच्या माणसाचा हात मराठी घराघरांत पोहोचला. फिरस्ता कलावंत मागे काय ठेवून जातो याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आता या माणसाच्या सामानाकडे पाहू. गवयाचा गळा त्याच्याबरोबर झोपतो आणि त्याच्याबरोबर उठतो. तबलजीचे वाद्य मात्र कातड्याचे, आणि कातडे हवेशी बांधलेले. कोरड्या उन्हाळ्यात वादी ताणते आणि स्वर चढतो. पावसाळी हवेत कातडे ओल धरते आणि स्वर उतरतो. सोलापूरच्या उन्हात लावलेला तबला बेळगावच्या पावसात तसाच बोलेल ही आशा व्यर्थ. म्हणून प्रत्येक गावी नव्याने हातोडी घ्यायची, गट्टे वरखाली करावयाचे, गजऱ्यावर घाव घालून एकेक घर सुरात आणावयाचे. शिवाय प्रत्येक गायकाचा स्वर निराळा. पुरुषाच्या आवाजाला रुंद तोंडाचा तबला लागतो, बायकांच्या उंच पट्टीला लहान तोंडाचा. म्हणजे एका डग्ग्याबरोबर दोन-तीन तबले वाहावे लागतात. त्यात पुडी फुटली तर शाईची चांगली पुडी घालणारा कारागीर वाटेतल्या गावी मिळेलच असे नाही. चुंबळी, हातोडी, शंखजिऱ्याची डबी आणि जादा पुडी एवढा संसार काखोटीला मारून हा माणूस गाडीच्या गर्दीत चढे, आणि स्वतः उभा राहून तबल्यांना बसायला जागा देई.

आपले म्हैसूर या फिरत्या कलावंतांच्या वाटेवरचे मोठे ठाणे होते. नाल्वडी कृष्णराज वडियार महाराजांच्या दरबारात कर्नाटक संगीताबरोबर हिंदुस्थानी संगीताचा आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदाचाही सन्मान होता. दसऱ्याच्या सोहळ्यासाठी उत्तरेकडून गवई येत, आणि त्यांची वाट मिरज, धारवाड, हुबळीवरून जाई. अब्दुल करीम खाँसाहेब म्हैसूरला येता-जाता कुंदगोळच्या नाडगीर वाड्यात उतरत. त्याच वाड्याच्या आसऱ्याने रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे पुढचे सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य झाले, आणि सवाई गंधर्वांपासून गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी. म्हैसूरच्या दसऱ्याला जाणाऱ्या वाटेवर एका रात्रीचा मुक्काम पडला नसता, तर मराठी माणसाच्या कानाला आज जे किराणा गाणे परिचित आहे ते कदाचित निराळे असते. खाँसाहेबांचे देहावसानही प्रवासातच झाले: 1937 साली, मद्रासेकडून पाँडिचेरीला जाताना, सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्थानकावर.

याच म्हैसुरात गोहरजान यांनी आयुष्याचे शेवटचे दिवस काढले. 1928 साली त्या दरबारात रुजू झाल्या आणि जानेवारी 1930 मध्ये येथेच त्यांचे निधन झाले. 1902 साली कलकत्त्यास त्यांच्या तबकड्या निघाल्या. त्या आरंभीच्या तबकड्यांत गाणे संपताच बाई स्वतःचे नाव खणखणीत आवाजात सांगतात. परदेशी कारखान्यात तबकडी घडविणाऱ्यांस ओळख पटावी म्हणून ती रीत होती असे सांगतात. पण त्या गाण्यामागे ज्याचा ठेका चालला आहे त्याचे नाव कोणी सांगत नाही. त्या काळच्या बहुतेक तबकड्यांची हीच कथा आहे: हात ऐकू येतो, नाव ऐकू येत नाही.

ही केवळ आपल्याकडची रीत, असे मात्र समजू नये. अमेरिकेत ज्यास ब्लूज म्हणतात, त्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याचे वादकही असेच रस्त्यावर जगले. बी. बी. किंग या विख्यात गायकाने एकट्या 1956 साली 342 ठिकाणी कार्यक्रम केले, असे नमूद आहे. त्या लीप वर्षाचे दिवस 366. उरलेले चोवीस दिवसच काय ते घरचे! गायकाबरोबर त्याचा ड्रमवादकही तितकेच अंतर कापीत होता. वर्णभेदाच्या त्या दिवसांत वाटेतले खाणावळवाले त्यांना दारात उभे करीत नसत. म्हणून न्यूयॉर्कच्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या टपाल कर्मचाऱ्याने 1936 पासून एक मार्गदर्शिका काढली. कोठे जेवायला मिळेल, कोठे रात्री पाठ टेकता येईल, याची तीत यादी असे. शिकागोचा फ्रेड बिलो (1926–1988) हा जॅझमध्ये मुरलेला ड्रमवादक. ब्लूजचा ठेका आरंभी त्याला जमेना, कारण तो त्याच्या विद्येपेक्षा साधा होता! बारा मापांचे गाणे, प्रत्येक मापात चार ठोके, आणि भर दुसऱ्या व चौथ्या ठोक्यावर. तो शिकला, आणि पुढे लिटल वॉल्टर, चक बेरी यांच्या गाण्यांना त्याच्याच हाताने चाल दिली. त्रितालात नवव्या मात्रेला खाली येते आणि त्या खालीवरूनच गायकाला समेची वाट दिसते. तेथे दुसऱ्या-चौथ्या ठोक्याचा भार तेच काम करतो. शास्त्र निराळे, देश निराळा; पण ‘तू निर्धास्तपणे गा, मी येथे आहे’ हा निरोप एकच.

अशा जिण्याची किंमत कोण देते? घर देते. मुक्काम हलतो तशी पत्रे मागून येतात. मुलांची आजारपणे, बहिणींची लग्ने, वडीलधाऱ्यांचे अखेरचे दिवस हे सारे दुसऱ्या गावी घडते. आणि हात हेच भांडवल असलेल्या माणसाला म्हातारपणी आधार कशाचा? 1931 साली ‘आलमआरा’ आणि 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ यांनी बोलपटाचे युग आणले. मंडळ्या एकामागून एक मोडल्या. 1935 साली ‘धर्मात्मा’त खुद्द बालगंधर्व पडद्यावर दिसले. नामवंत नटांना लोकांनी आठवणीत ठेवले. थिरकवांसारख्यांना दरबार मिळाला. पण गावोगावच्या अनाम साथीदारांचे पुढे काय झाले, याची नोंद कोणत्या नाट्येतिहासात सापडते?

तरीही त्यांतल्या काहींनी आपल्या विद्येने मान मिळविला. गोव्याच्या खाप्रुमामा पर्वतकरांचा लयीचा हिशोब ऐकून भलेभले गवई थक्क होत. पुढच्या काळात भीमसेनजींसारखे गायक स्वतः मोटार हाकीत रात्रीतून शेकडो मैल काटू लागले आणि विमानप्रवासामुळे त्यांना ‘हवाई गंधर्व’ म्हणू लागले, तेव्हा त्यांच्याबरोबर साथीदारही धावले. आज तबलावादकाचे नाव पत्रिकेवर छापले जाते, स्वतंत्र वादनाला सभागृहे भरतात. हे खरे आहे. पण ते मोठ्या शहरांतल्या मोठ्या नावांपुरते. आमच्या-आपल्यासारख्या मंडळांत काय घडते?

बंधुभगिनींनो, येथे आम्ही थोडे स्पष्ट बोलू इच्छितो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी मंडळांनी अर्धशतक गणेशोत्सव केले, नाट्यगीतांचे कार्यक्रम केले, कोजागिरी जागविली. गायक पुण्या-मुंबईहून बोलावला, त्याला हार घातला. तबल्याला मात्र ‘इथलेच कोणी तरी’ पाहिले. त्या ‘कोणी तरी’ने दुपारी कचेरीतून सुटून, न पाहिलेल्या गायकाची न ऐकलेली पदे अर्ध्या तासाच्या तालमीवर निभावून नेली. आणि आता तर वीजेवर चालणारी तालयंत्रे आणि मोबाईलमधले ठेके इतके सोपे झाले आहेत की तेवढाही त्रास घ्यावासा वाटत नाही. यंत्राचा ठेका चुकत नाही, हे मान्य. पण गायकाचा श्वास क्षणभर लांबला तर ते थांबत नाही, आणि घाबरलेल्या नवशिक्या मुलीला मान हलवून धीर देत नाही. ज्या गावी ठेका धरणारा हात उरला नाही, त्या गावी काही वर्षांत गाणाराही उरत नाही, असे आमचे मत आहे.

आपल्या मुलांना आपण गाणे शिकवितो, मराठी श्लोक शिकवितो. त्यांतल्या एखाद्याने तबल्यावर हात ठेवला तर ‘यात पुढे काय?’ असे विचारण्याची घाई आपण करू नये. म्हैसुरात तर मृदंग व घटम वाजविणारे अधिकारी गुरू आहेत. लयीचे शिक्षण भाषेसाठी अडून राहत नाही. मुरादाबादचा माणूस मराठी पदांना ठेका धरू शकला, तर म्हैसूरचे मराठी मूल कानडी गुरूपाशी लय का शिकू नये?

सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळापुढे आमची तीन मागणी आहेत. पहिले, यापुढे मंडळाच्या प्रत्येक निमंत्रणपत्रिकेवर गायकाच्या नावाखाली त्याच आकाराच्या अक्षरांत साथीदारांची नावे छापावीत. दुसरे, मानधनाचे पाकीट त्यांनाही कार्यक्रम संपताच, सर्वांदेखत द्यावे. तिसरे, मंडळाच्या मालकीची एक चांगली तबल्याची जोडी असावी. ती सुस्थितीत ठेवण्यासाठी दरवर्षी अंदाजपत्रकात तरतूद असावी आणि शिकू इच्छिणाऱ्या मुलांना ती विनाशुल्क मिळावी. खर्च फार नाही. गेल्या पन्नास वर्षांत या मंडळाच्या व्यासपीठावर ज्यांनी ज्यांनी साथ केली, त्यांची जी नावे जुन्या हिशोबवह्यांत सापडतील ती शोधून पुढील वार्षिक सभेपूर्वी एका फलकावर लिहिली जावीत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.