एका गोळीमागचे डॉक्टर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजवर वर्धापनदिनाला सतरंज्या घालणे आणि मसालेदूध उतू जाऊ न देणे एवढेच माझ्याकडे असे. यंदा चिटणीसबाईंनी ‘दोन शब्द बोलाच’ म्हणून आग्रह धरला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण एका डॉक्टरांविषयी बोलावे असे पुष्कळ दिवस मनात आहे. ते अमेरिकेतले. मी त्यांना कधी पाहिलेले नाही. तरी त्यांचे उपकार आमच्या घरात रोज रात्री ताटाशेजारी येऊन बसतात.

माझ्या थोरल्या जाऊबाई समोर दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारूनच हे सांगते. सन २०१६ मध्ये त्यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले, म्हणून रक्त तपासले. पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार असाव्यात, त्या निघाल्या दोन लाखांच्या घरात. त्यांना पोटात डावीकडे जड वाटे. आम्ही वात समजून ओवा देत होतो. ती पाणथरी वाढलेली होती. पुढच्या तपासणीत क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया निघाला. हा रक्ताच्या कर्करोगाचा सावकाश चालणारा प्रकार, बहुधा मोठ्या माणसांना होणारा. त्या रात्री आमच्याकडे कोणी जेवले नाही. पुढे एका हळदीकुंकवाला एका बाईंनी मला बाजूला घेऊन ‘लागट नाही ना हो?’ असेही विचारले. लागट नाही, भगिनींनो. भांडी वेगळी ठेवण्याचे काही कारण नाही, आणि आईकडून लेकरांतही तो येत नाही.

डॉक्टर म्हणाले, “पूर्वी या रोगाची माणसे चार-सहा वर्षांत जात. आता गोळी आहे. घरी राहून घ्यायची.” मला खरे वाटेना. एका गोळीने का कर्करोग आवरतो? माझी पुतणी नर्सिंग शिकते. तिने मला वाचून दाखवले, तेवढेच आज सांगते.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. सन १९६० मध्ये फिलाडेल्फियातील नॉवेल आणि हंगरफर्ड या दोघांना या रोग्यांच्या पेशींत एक गुणसूत्र तोकडे दिसले. तुकडा गेला कुठे, ते कळेना. ते शोधले शिकागोच्या जॅनेट राउली यांनी, सन १९७३ मध्ये. या बाईंना चार मुलगे. मुले लहान होती तोवर त्या थोडा वेळच नोकरी करीत. गुणसूत्रांचे फोटो घरी आणून जेवणाच्या टेबलावर कातरीने कापून जुळवीत बसत. मुले म्हणत, आई कागदाच्या बाहुल्या खेळते! त्या टेबलावरच उमगले की नववे आणि बाविसावे गुणसूत्र यांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली आहे. हे ऐकून मला फार बरे वाटले. आपल्या टेबलावर भाजीच निवडली जाते, ती गोष्ट निराळी.

या अदलाबदलीने पेशीत एक बिघडलेले प्रथिन तयार होते. नळाची तोटी खराब व्हावी आणि पाणी वाहतच राहावे, तशा पांढऱ्या पेशी वाढत राहतात. आता माझे डॉक्टर येतात. त्यांचे नाव ब्रायन ड्रुकर. ते रोगीही पाहत आणि प्रयोगशाळेतही काम करीत. सगळ्या पेशी मारणारे जालीम औषध देण्यापेक्षा ही एक तोटीच बंद करावी, हे त्यांच्या मनाने घेतले. सन १९९३ मध्ये ते बॉस्टन सोडून ऑरेगॉन प्रांतातील पोर्टलंडला गेले. स्वित्झर्लंडच्या एका औषध कंपनीत निकोलस लायडन यांच्या हाताखाली अशी द्रव्ये तयार होत होती. ती मागवून ड्रुकरांनी पाहिली, तो एका द्रव्याने रोगी पेशी मरत आणि चांगल्या पेशी बऱ्याच अंशी राहत. पण कंपनीला उत्साह नव्हता. या रोगाचे रोगी थोडे, मग खप किती होणार? ड्रुकर चिकाटीने मागे लागले. जून १९९८ मध्ये पहिल्या रोग्याला औषध मिळाले. इतर उपायांनी गुण न आलेल्या ज्या ५४ जणांना पुरेशी मात्रा दिली, त्यांतील ५३ जणांचे रक्त ताळ्यावर आले.

बातमी रोग्यांत पसरली, पण औषध पुरेसे बनत नव्हते. तेव्हा १९९९ मध्ये कॅनडातील एका आजारी बाईने पुढाकार घेतला आणि तीन हजारांवर सह्यांचा अर्ज कंपनीकडे गेला. औषध वाढवले गेले. मे २००१ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. त्याचे नाव इमॅटिनिब. ज्यांना ते सुरुवातीपासून दिले, त्यांच्यातील शंभरांपैकी ८३ जण दहा वर्षांनीही हयात होते.

आमच्याकडेही चार महिन्यांत रक्त सुधारले. डोळ्यांभोवती सूज, पोटऱ्यांत गोळे, मळमळ, हा त्रास होता. जेवणावर मोठा पेलाभर पाण्याशी घेतली की मळमळ कमी होई. दोन वर्षे अशी गेली. मग तपासणीत एक आकडा वर चढलेला दिसला. डॉक्टरांनी विचारले, “गोळ्या चुकतात का?” जाऊबाई नाही म्हणाल्या. घरी येऊन मी तांदळाचा डबा काढला, तर तळाशी गोळ्यांच्या तीन पट्ट्या! मी काही बोलले नाही. त्याच म्हणाल्या, “अगं, बरी झाले ना मी? मग उगाच पैसे कशाला जाळायचे? धाकटीच्या लग्नाला उपयोगी पडतील.”

त्या दिवशी मी त्यांच्यावर ओरडले. वडील जावेवर आवाज चढवण्याची ती माझी पहिलीच वेळ. बरे वाटते ते गोळीमुळे, रोग गेला म्हणून नव्हे, हे त्यांना कोणी समजावलेच नव्हते. आम्हीही नाही. काही थोड्या रोग्यांची गोळी पुढे थांबवता येते, पण ते वरचेवर रक्त तपासून डॉक्टरांनी ठरवायचे, तांदळाच्या डब्याने नव्हे. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि देवाच्या कृपेने आकडा उतरला.

पैशांचे जाऊबाईंचे म्हणणे मात्र अगदीच वावगे नव्हते. कंपनीच्या औषधाला महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपये पडत. आपल्या देशातल्या कारखान्यांचे तेच औषध आठ-दहा हजारांत मिळे. कंपनीने पुष्कळांना ते फुकटही दिले, हेही सांगितले पाहिजे. पण तिला पेटंट मिळते तर स्वस्त गोळी बंद झाली असती. त्याविरुद्ध उभे राहिलेल्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. १ एप्रिल २०१३ रोजी सुप्रीम कोर्टाने कंपनीची मागणी फेटाळली. म्हणून आमच्यासारख्यांना ही गोळी परवडते.

धाकटीचे लग्न झाले; आपल्यापैकी पुष्कळजणी जेवून गेलात. आता घड्याळात पावणेनऊ झाले आहेत. जाऊबाईंची गोळी नऊची, तीही जेवणावर. तेव्हा मी येथेच थांबते आणि आधी त्यांचे ताट वाढायला घेते.