रेंज संपते तिथून पुढे

कानात इअरफोन आहेत ना? चला, आज लक्षद्वीपला जाऊ. फिरायला नाही, कुपा धरायला. कुपा म्हणजे आपला ट्यूना.

माझे काका कोकणातले मच्छीमार. लहानपणी मी विचारायचो, "काका, मासा कुठे आहे ते कळतं कसं?" ते म्हणायचे, "वर पक्षी बघायचे, खाली पाण्याचा रंग." पुढे हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सरकारी संस्थेबद्दल वाचलं आणि हसूच आलं. तेही पाण्याचा रंगच बघतात, फक्त उपग्रहातून! रंगावरून कळतं शेवाळ किती, आणि सोबत पाण्याचं तापमान मोजतात. गार आणि कोमट पाणी जिथे भिडतं तिथे बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे मासा येतो. मग मच्छीमारांना निरोप जातो: अमुक दिशेला, इतक्या अंतरावर जा. वणवण कमी, डिझेल कमी.

पण हा निरोप पोचायचा कसा? किनारा सोडून १०-१२ किलोमीटर गेलात की मोबाइलची रेंज संपते. २०१७ चं ओखी वादळ आठवतंय? खोल समुद्रात आधीच गेलेल्यांपर्यंत इशारा पोचलाच नाही. कितीतरी माणसं परतली नाहीत. केरळ-तमिळनाडूच्या काही बोटी भरकटत थेट आपल्या देवगडला लागल्या. त्यानंतर २०१९ मध्ये 'जेमिनी' नावाचं छोटं यंत्र आलं. ते 'गगन' प्रणालीच्या उपग्रहाकडून निरोप घेतं आणि ब्लूटूथने फोनवर दाखवतं. एकच अडचण: ते फक्त ऐकतं. बोटीवरून "वाचवा" म्हणायची सोय त्यात नाही.

बेटावरचं इंटरनेट मात्र बदललं. जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून समुद्राखालून आलेली ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाली, कवरत्तीसह ११ बेटांसाठी. त्याआधी सगळी भिस्त उपग्रहावर होती. मिनिकॉयला कुपा उकडून, धुरी देऊन, वाळवून 'मास' करतात. तो विकायला मुख्य भूमीवर जातो. तिथला भाव घरबसल्या कळला, तर व्यापारी सांगेल तोच आकडा मान्य करायची वेळ येत नाही.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट. लक्षद्वीपचे लोक कुपा काठी आणि गळाने धरतात, एकेक करून. गळाला उलटा काटा नसतो. आधी लगूनमधल्या, म्हणजे प्रवाळाआडच्या उथळ पाण्यातल्या, बारीक माशांचं जिवंत आमिष पकडतात आणि ते कुप्याच्या थव्यावर फेकतात. म्हणजे आमिष संपलं की मासेमारी संपली. आणि ते बारीक मासे प्रवाळावर जगतात. प्रवाळ मेला तर उपग्रहाने कितीही अचूक जागा सांगितली, तरी गळ रिकामाच.

शिवाय तोच निरोप मोठ्या जाळेवाल्याच्या हातातही असतो. कोकणात आपण एलईडीची मासेमारी पाहिलीच आहे. २०१७ मध्ये केंद्राने तिच्यावर बंदी घातली, का ते तुम्हाला माहीत आहे. मासा कुठे आहे हे फोन सांगेल. किती धरायचा हे माणसानेच ठरवायचं.

काका अजून पक्षी बघतात. फोनही बघतात. आणि जाळ्यात बारीक पिल्लू आलं तर पाण्यात सोडतात. ते कुठल्याच ॲपने शिकवलेलं नाही.

तुमच्या घरी, गावात कुणी समुद्रावर जात असेल, तर त्यांना आज एक विचारा: रेंज गेल्यावर तुम्ही काय करता? उत्तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!