‘तोच’ आणि ‘तसाच’: संगणकातील वस्तूंची प्रत व तुलना

नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत प्लॅटिनम व इरिडियम यांच्या मिश्रधातूचा एक लहानसा दंडगोल जपून ठेवलेला आहे. त्याचा क्रमांक ५७. पॅरिसनजीक सेव्र येथे असलेल्या मूळ किलोग्रॅमची ही भारताकडील प्रत होय. १८८९ पासून २०१९ पर्यंत किलोग्रॅमची व्याख्या त्या मूळ दंडगोलावरच उभी होती. त्याचे वस्तुमान जितके, तितका एक किलोग्रॅम. १९८८ ते १९९२ या काळात मूळ आणि निरनिराळ्या देशांकडील प्रती यांची तुलना झाली, तेव्हा सुमारे शंभर वर्षांत त्यांच्यात ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास अंतर पडल्याचे दिसून आले. प्रती जड झाल्या की मूळच हलके झाले, हे सांगण्यास मार्ग नव्हता. व्याख्येनुसार मूळ चुकणे शक्यच नव्हते! २० मे २०१९ पासून ही व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर आधारली गेली आणि एका विशिष्ट धातुखंडाचा मान संपला. आता ‘तोच’ असण्याची गरज उरली नाही, ‘तसा’ असणे पुरेसे ठरले.

मराठीत ‘तोच’ आणि ‘तसाच’ हे शब्द वेगळे आहेत, ही मोठी सोय आहे. संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्याला हा भेद पदोपदी पाळावा लागतो. नॉर्वेमध्ये डाल व न्यूगार्ड यांनी ‘सिम्युला ६७’ ही भाषा घडवली, तेव्हापासून माहिती आणि त्या माहितीवर करावयाच्या क्रिया एकत्र बांधून त्यांची ‘वस्तू’ करण्याची पद्धत रूढ होत गेली. अशी वस्तू संगणकाच्या स्मृतीत एका जागी असते. आज्ञावलीतील नावापाशी बहुधा तिचा केवळ पत्ता असतो. ‘क’ला जे नेमून दिले आहे तेच ‘ख’ला नेमून दिले, तर वस्तू दोन होत नाहीत. एका घराचा पत्ता दोन चिठ्ठ्यांवर लिहिला, इतकेच घडते.

प्रत खरोखरच काढायची झाली, तर अडचण पुढे येते. समजा, लातूरहून मजुरीसाठी गाझियाबादला आलेल्या एका कुटुंबाच्या शिधापत्रिकेची नोंद आहे. तीत क्रमांक आहे, कुटुंबप्रमुखाचे नाव आहे आणि सदस्यांची यादी आहे. मात्र यादी नोंदीच्या पोटात नसून तिचा पत्ता तेवढा आहे. उथळ प्रत काढली की क्रमांक व नाव यांची नक्कल होते, पण पत्ता जुन्याच यादीचा राहतो. गाझियाबादच्या कारकुनाने, गावी राहिलेल्या आजीचे नाव आपल्या प्रतीतून वगळले की ते लातूरच्या मूळ नोंदीतूनही नाहीसे होते. यंत्र कोणतीही तक्रार करीत नाही. आजीला हे कळते ते दुकानदार धान्य नाकारतो तेव्हा.

यावर सखोल प्रत हा उपाय सांगितला जातो: पत्त्यांमागोमाग जाऊन जे जे सापडेल त्याची नक्कल करावी. परंतु नोंद सदस्याकडे आणि सदस्य पुन्हा नोंदीकडे बोट दाखवीत असेल, तर ही नक्कल चक्रात सापडते. पायथॉन भाषेतील सखोल प्रत म्हणूनच आधी उतरवून झालेल्या वस्तूंची टिपणवही ठेवते. तरीही मुख्य प्रश्न सुटत नाही. नोंदीत रास्त भाव दुकानाचाही पत्ता असल्यास दुकानाचीही नक्कल होईल. एका दुकानाची दोन दुकाने होतील आणि एकातील साठा घटल्याचे दुसऱ्याला कळणार नाही. यादी ‘तशीच’ वेगळी हवी, दुकान मात्र ‘तेच’ हवे. वस्तूचे स्वतःचे काय आणि तिच्या केवळ परिचयाचे काय, हे भाषेला ठाऊक नसते. ते आज्ञावली लिहिणाऱ्यानेच ठरवावयाचे असते, आणि त्यासाठी शिधावाटपाचा व्यवहार समजलेला असावा लागतो.

तुलनेतही हेच दोन प्रश्न आहेत. स्मॉलटॉक भाषेत एक बरोबरीचे चिन्ह ‘तशीच आहे काय’ असे विचारते, तर दोन चिन्हे ‘तीच आहे काय’ असे विचारतात. १९९५ साली आलेल्या जावामध्ये वस्तूंच्या बाबतीत दोन चिन्हे पत्तेच ताडून पाहतात. आशयाची तुलना ‘ईक्वल्स’ या क्रियेकडे सोपवलेली आहे. नवशिक्याला हे फसवते. आज्ञावलीत लिहून ठेवलेले दोन सारखे शब्द जावा एकाच जागी ठेवते, म्हणून चाचणीत उत्तर ‘होय’ येते. तोच शब्द बाहेरून वाचून घेतला की ‘नाही’ येते.

‘तशीच’ याचा अर्थही नियमांत बसवावा लागतो. क जर ख सारखा आणि ख जर ग सारखा, तर क ग सारखा असलाच पाहिजे. अर्ध्या ग्रॅमपर्यंतचा फरक दुर्लक्षावा, असे ठरवणारा सावध माणूस येथेच अडखळतो. तीन वजनांत लगतच्या दोघांमधील फरक क्षम्य असला तरी पहिल्या व तिसऱ्यातील फरक मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

आणखी एक पथ्य सहसा उशिरा लक्षात येते. पुष्कळ वस्तूंतून एक झटपट शोधता यावी म्हणून संगणक तिच्या आशयावरून एक अंक काढतो आणि त्या अंकाच्या खणात ती ठेवतो. समान वस्तूंचा अंक समानच यावा लागतो. नोंद नावावरून खणात ठेवली आणि नंतर नावाचे स्पेलिंग दुरुस्त केले, तर नोंद जुन्या खणात पडून राहते आणि शोध नव्या खणात होतो. नोंद असूनही यंत्र ती नसल्याचे सांगते. म्हणून खण ठरवावा तो कधीही न बदलणाऱ्या क्रमांकावरून. नाव, वय, पत्ता यांवरून नव्हे.