वांझपणाचा शिक्का आणि सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी

(सोलापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



लग्नाला तीन-चार वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की बोट दाखवले जाते ते सुनेकडे. सोलापूरच्या पूर्व भागातील विणकरांच्या वस्तीत हे घडते, तसेच ते सुशिक्षितांच्या वसाहतींतही घडते. फरक एवढाच की सुशिक्षितांच्या घरी ते हलक्या आवाजात बोलले जाते. ‘वांझ’ हा शब्द आपल्या भाषेत बाईसाठीच वापरला जातो. पुरुषाला लावायला तसा रुळलेला शब्द आपण घडवलाच नाही. या विषयाचा विचार या अन्यायापासूनच सुरू करावा लागतो.

समजा, नवरा यंत्रमागावर कामाला आहे आणि पत्नी घरी बसून विड्या वळते. पहिली दोन वर्षे नवससायासात जातात. मग कोणी एखाद्या बुवाचे नाव सांगतो. त्यानंतर खाजगी दवाखाना. तपासण्या होतात त्या तिच्या, औषधे दिली जातात ती तिला, शस्त्रक्रिया होते तीही तिचीच. तिचे डोरले गहाण पडते, भिशीचे पैसे उचलले जातात, शेवटी सावकार येतो. एवढे सगळे होऊन गेल्यावर कोणीतरी सुचवते, की एकदा नवऱ्याचीही तपासणी करून पाहावी. जी तपासणी सर्वांत सोपी, सर्वांत स्वस्त आणि शरीराला कसलीही इजा न करणारी, ती सर्वांत शेवटी होते. खर्चाचा हा क्रम अर्थशास्त्राच्या कोणत्याही नियमात बसत नाही. तो बसतो केवळ पुरुषी अहंकाराच्या नियमात.

वैद्यकशास्त्राचे म्हणणे साधे आहे. पती-पत्नींचा नियमित संबंध असून आणि कोणतेही संततिप्रतिबंधक साधन न वापरता बारा महिन्यांत गर्भ राहिला नाही, तर त्याला वंध्यत्व म्हणतात. स्त्रीचे वय पस्तिशीच्या पुढे असेल, तर सहा महिन्यांनंतरच डॉक्टरांकडे जावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील प्रौढांपैकी साधारण सहांतील एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा अनुभव येतो. म्हणजे हा कोणाच्या पूर्वजन्मीच्या पापाचा भोग नव्हे. मधुमेहासारखी किंवा रक्तदाबासारखी सर्रास आढळणारी ही आरोग्याची अडचण आहे. आणि अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषातील दोष हे एकमेव किंवा अंशतः कारण असते.

पुरुषात शुक्रजंतूंची संख्या कमी असणे, त्यांची हालचाल मंद असणे किंवा त्यांचा मार्ग बंद असणे ही कारणे आढळतात. शुक्रजंतू तयार होण्यासाठी शरीरापेक्षा थोडे कमी तपमान लागते. म्हणून भट्टीजवळ सतत काम करणाऱ्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. विडी-सिगारेट आणि दारू यांचा अपाय तर ठरलेलाच. स्त्रीच्या बाबतीत बीजकोशातून दरमहा बीज न सुटणे, थायरॉईडचा विकार आणि गर्भनलिका बंद असणे ही प्रमुख कारणे होत.

यांतील गर्भनलिकांचा प्रश्न केवळ वैद्यकीय नाही. नलिका बंद होतात त्या बहुधा जंतुसंसर्गाने : अस्वच्छ बाळंतपण, असुरक्षित गर्भपात, अंगावर काढलेला गुप्तरोग आणि आपल्या देशात विशेषेकरून क्षयरोग. क्षय फुप्फुसाचाच होतो असे नाही. तो गर्भाशयात आणि गर्भनलिकांतही मुक्काम करतो. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. परंतु निदानाला उशीर झाला आणि नलिका आकसून गेल्या, की औषधाने क्षय बरा होतो, पण नलिका पूर्ववत होत नाहीत. कोंदट खोली आणि अपुरे अन्न यांची किंमत अशी पुढच्या पिढीपर्यंत जाते.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. शंभरांतील ब्याण्णव स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि त्यापूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत जेमतेम आठ होत्या. ज्या दुखण्यातून पुढे वंध्यत्व उद्भवू शकते, ते दुखणे बाई वर्षानुवर्षे मुकाट सोसत असते. मूल झाले नाही म्हणजे मात्र सर्वांचे लक्ष तिच्याकडे जाते.

उपचारांची एक शिडी आहे आणि ती पायरीपायरीनेच चढावी. पहिली पायरी दोघांच्या एकत्र तपासणीची : त्याची वीर्यतपासणी, तिची रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि नलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे दाखवणारा एक्स-रे. दुसरी पायरी साध्या उपायांची. वजन आटोक्यात आणणे, तंबाखू सोडणे, थायरॉईडवर औषध घेणे, बीज सुटण्यासाठी गोळ्या घेणे, यांनीच अनेकांचे काम भागते. तिसऱ्या पायरीवर शुद्ध केलेले शुक्रजंतू नळीने गर्भाशयात सोडतात. चौथी पायरी म्हणजे ज्याला आपण ‘टेस्ट ट्यूब बेबी’ म्हणतो ते तंत्र. इंजेक्शने देऊन बीजे वाढवतात, सुईने ती बाहेर काढतात, प्रयोगशाळेत त्यांचा शुक्रजंतूंशी संयोग घडवतात आणि काही दिवसांनी गर्भ गर्भाशयात ठेवतात. पुरुषाचे शुक्रजंतू फारच थोडे असतील, तर एकेक शुक्रजंतू बीजात टोचण्याची पद्धतही १९९२ पासून उपलब्ध आहे. मात्र या उपायाची हमी कोणी देऊ शकत नाही. तरुण वयातही अनेकदा पहिली खेप फुकट जाते आणि स्त्रीची चाळिशी उलटली, की यशाचे प्रमाण झपाट्याने घसरते. खाजगी दवाखान्यात एका खेपेचा खर्च लाखापुढे जातो. जो दवाखाना पहिल्या तीन पायऱ्या गाळून थेट चौथीवर नेतो, त्याच्यापासून सावध राहावे.

आता एका गोष्टीचे स्मरण ठेवले पाहिजे. जगातील पहिले असे बालक इंग्लंडमध्ये जुलै १९७८ मध्ये जन्मले. त्यानंतर तीनच महिन्यांच्या आत कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी हेच साध्य केले. परंतु सरकारी समितीने त्यांचा दावा धुडकावला आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून मुंबईत असे बालक जन्मले. ते कोठे जन्मले? कोणत्या पंचतारांकित रुग्णालयात नव्हे, तर परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, गिरणगावातील, महानगरपालिकेच्या, गोरगरिबांच्या रुग्णालयात! सार्वजनिक पैशावर, सार्वजनिक संस्थांत सिद्ध झालेले हे ज्ञान पुढे बाजाराच्या हवाली कसे झाले, याचा हिशेब कोणीतरी मागितला पाहिजे.

सरकारला दांपत्यजीवनात लक्ष घालता येत नाही, असे तर नाही. भारताने १९५२ पासून कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम चालवला. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते कायदा होऊ शकले नाही. म्हणजे मुले होऊ नयेत म्हणून सरकारचा हात घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचला. मूल हवे असणाऱ्या गरीब जोडप्यासाठी तो हात आखडता का व्हावा? र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. मातृत्व हे स्त्रीवर लादले जाऊ नये, या त्यांच्या विचारातूनच दुसरी बाजू निघते : तिला ते हवे असेल, तर केवळ पैशाअभावी नाकारलेही जाऊ नये.

दिशा दाखवणारी उदाहरणे आहेत. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या बांबोळी येथील रुग्णालयात २०२३ साली हे उपचार मोफत सुरू झाले. २०२१ च्या कायद्यांनी अशा दवाखान्यांना नोंदणी सक्तीची झाली आणि व्यापारी सरोगसीला बंदी आली. परंतु कायदा बाजाराला वेसण घालतो. तो गरिबाला उपचार देत नाही. ते काम सार्वजनिक रुग्णालयांचे आहे. सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे सर्वोपचार रुग्णालय आहे. आठवड्यातून एक दिवस पती-पत्नींची एकत्र तपासणी, आणि पहिल्या तीन पायऱ्यांचे उपचार विनामूल्य, एवढी मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

कार्यकर्त्यांची कामेही उघड आहेत. वस्तीत बैठक घ्यावी, आणि ती पुरुषांची घ्यावी. आधी तपासणी नवऱ्याची, हे तेथे स्पष्ट शब्दांत सांगावे. दैवी शक्तीने मूल देतो म्हणून स्त्रीचे शोषण करणारा बुवा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हेगार ठरतो. ज्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर झिजले आणि ज्या वर्षी त्यांचा खून झाला त्याच वर्षी जो संमत झाला, तो कपाटात ठेवण्यासाठी नाही. मूल होत नाही म्हणून सवत आणण्याची धमकी ऐकू आली, तर मुंबई प्रांताने १९४६ सालीच हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी घातली होती, हे लक्षात आणून द्यावे. उपचार नको असतील किंवा निष्फळ ठरले असतील, तर दत्तकाचा मार्ग कायदेशीर आणि सन्मानाचा आहे. आणि मूल नसलेले दांपत्यही पुरे कुटुंबच असते, हे सांगायलाही कचरू नये.

विड्या वळणाऱ्या त्या बाईचे डोरले सावकाराच्या तिजोरीत जाण्याआधी तिच्या नवऱ्याने सरकारी रुग्णालयाची पायरी चढावी, आणि तेथे त्या दोघांना कोणी परत पाठवू नये. एवढे घडवून आणता आले, तरी ‘वांझ’ या शब्दाची धार बरीच बोथट होईल.